पहिलारू कालवडीला कोणता वळू?

कालवड माजावर आली की विचाराला वेळ नसतो. सकाळी ती गव्हाणीत तोंड घालत नाही, हंबरते, सोट टाकते. दुपारी फोन जातो आणि संध्याकाळी मोटारसायकलला द्रवरूप नायट्रोजनचा कॅन बांधून रेतन करणारा माणूस दारात उभा असतो. उणे १९६ अंशांतून काढलेली पाव मिलिलिटरची कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची. पुढचे काम दोन मिनिटांचे. तेवढ्या अवधीत मालक बहुधा एकच गोष्ट विचारतो, "डॉक्टर, या वळूच्या आईला दूध किती?" चौकशी योग्यच आहे, पण जी कालवड अजून एकदाही व्यालेली नाही, तिच्या बाबतीत ती दुसऱ्या क्रमांकाची आहे. पहिली चौकशी हवी ती या वळूची वासरे जन्मताना केवढी असतात, याची.

जळगाव-धुळ्याकडे दूध काढणारे बहुसंख्य गोठे दोन-चार जनावरांचे. कापूस, मका, केळी यांच्या जोडीला दुधाचा दर दहा दिवसांचा पगार हातखर्चाला येतो. अशा गोठ्यात एक गाय अडली तर वासरू तर जातेच. गाय ओढाताणीत जखमी होते, वार अडकते, गर्भाशय खराब होऊन पुढे ती वेळेवर गाभण राहत नाही, आणि त्या वेताचे दूध अर्ध्यावर येते. जोराच्या ओढण्याने कमरेच्या आतली नस दबली तर गाय उठतच नाही, मागचे पाय फाकवून बसून राहते. शंभर गायींच्या फार्मवर हा एका ओळीचा तोटा असतो. तीन गायींच्या घरी तो त्या वर्षाचा हिशेबच मोडतो. म्हणून मोठ्या दुग्धफार्मने निवडलेला वळू लहान गोठ्याने डोळे मिटून निवडू नये. मोठ्या फार्मला जोखीम परवडते, लहान गोठ्याला नाही.

गाय अडण्याची कारणे अनेक. वासराची मान वळलेली, पाय मुडपलेला, जुळी वासरे, गर्भाशयाचे तोंड न उघडणे. यांतल्या बहुतेकांवर वळूच्या निवडीचा काही उपाय चालत नाही. पण पहिलारू कालवडीत सगळ्यांत जास्त आढळणारे कारण सरळ आहे: वासरू मोठे आणि वाट अरुंद. तिची श्रोणी, म्हणजे माकडहाडांमधली हाडांची वाट, अजून पूर्ण वाढलेली नसते. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गायीपेक्षा पहिलारूत अडण्याचे प्रमाण कितीतरी जास्त असते ते यामुळेच. वासराचे जन्मवजन साधारणपणे आईच्या वजनाच्या सहा ते सात टक्के असते. ३०० किलोच्या कालवडीला २० किलोचे वासरू सहज झेपते, २५ किलोचे थोड्या कष्टाने झेपते. ३५ किलोचे आले तर रात्र वैऱ्याची.

आता जातींकडे वळू. होल्स्टिन फ्रिजियन, म्हणजे आपल्याकडची एचएफ, युरोप-अमेरिकेत ४० किलोच्या आसपासचे वासरू देते; तिथे आईच ६०० किलोच्या वर असते. जर्सीचे वासरू २५ किलोच्या आसपास. आपल्या देशी जातींची वासरे बहुधा १८ ते २५ किलोंत असतात. गीरची या पट्ट्याच्या वरच्या टोकाला. वजनाइतकाच बांध्याचाही फरक पडतो. देशी आणि जर्सी वासराचे डोके निमुळते, खांदे अरुंद; एचएफ वासराची हाडे जाड, डोके रुंद. शिवाय देशी गायीचा पुठ्ठा मागे उतरता असतो, त्यामुळे वासराला बाहेर पडायची वाट सोपी होते. पुठ्ठा सपाट, मागची हाडे वर उचललेली अशा गायी प्रदर्शनात देखण्या दिसतात, व्यायला मात्र त्या तितक्या सोप्या नसतात. या प्रश्नाचे अतिरेकी टोक बेल्जियमच्या बेल्जियन ब्लू जातीत दिसते. स्नायूंच्या वाढीला आवर घालणारे जनुकच तिच्यात निकामी आहे. वासरे पैलवानासारखी मांसल होतात आणि बहुतेक गायींचे पोट फाडूनच वासरू काढावे लागते. मांसाच्या भावासाठी तिथल्या लोकांनी ते पत्करले. आपल्याला त्याचे कौतुक करण्याचे काही कारण नाही.

मग लहानखुऱ्या देशी गायीला एचएफची कांडी भरली तर ती अडायलाच हवी, असे वाटते. सत्तरच्या दशकात मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या 'बाएफ'ने गोठवलेले परदेशी रेत गावोगाव न्यायला घेतले, तेव्हा ही भीती बोलून दाखवली जाणे स्वाभाविक होते. ती भीती सरसकट खरी ठरली नाही. ठरली असती तर संकरित गायी महाराष्ट्रभर पसरल्याच नसत्या. याचे उत्तर त्याआधीच्या एका प्रयोगात सापडते. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी गाड्या ओढणारे अवाढव्य शायर घोडे आणि चिमुकली शेटलंड तट्टे यांचा संकर केला, अर्थात कृत्रिम रेतनाने. शेटलंड आईच्या पोटी शायर बापाचे शिंगरू आले ते शेटलंडच्याच मापाचे. उलट्या संकरात, शायर आईच्या पोटी शेटलंड बापाचे शिंगरू जवळजवळ तिप्पट वजनाचे जन्मले. अनुवंश दोघांत सारखाच, निम्मा-निम्मा. फरक केला तो आईच्या गर्भाशयाने. जागा आणि रक्तपुरवठा आईच्या हातात असतो. बाप कितीही मोठा असला तरी ती त्याला आवर घालते.

या आवराला मर्यादा आहेत, आणि आज खानदेशात अडणाऱ्या बऱ्याच कालवडी त्या मर्यादेपलीकडच्या आहेत. पन्नास वर्षांपूर्वी ज्या गायीला एचएफ भरवली ती देशी होती आणि चार वेते झालेली होती. आज जिला भरवतात ती तिची पणती: पाऊण एचएफ, पोटात मोठे वासरू वाढवण्याची आनुवंशिक ऐपत असलेली, पण कडब्यावर आणि ओंजळभर ढेपेवर वाढल्याने हाडापेराने खुरटलेली. आईचा आवर संकराबरोबर सैल झाला, आईची वाट मात्र उपासमारीने अरुंदच राहिली. तिला पुन्हा शुद्ध एचएफची कांडी भरायची आणि तीही आईला सर्वांत जास्त दूध असलेल्या वळूची, यात धोका उघड आहे.

याच आवराची दुसरी बाजू गीरप्रेमींनी लक्षात घ्यावी. ए-टू दुधाची हवा आल्यापासून एचएफ संकरित गायींना गीरची कांडी भरण्याचे प्रमाण वाढले आहे, आणि "गीर म्हटल्यावर वासरू लहानच" असा भरवसा दिला जातो. अमेरिकेत ब्राह्मण जातीच्या वळूंचा, म्हणजे आपल्याच वशिंडवाल्या गुरांच्या वंशजांचा, अनुभव वेगळा आहे. वशिंडाचा वळू आणि बिनवशिंडाची परदेशी गाय असा संकर झाला की गाभणकाळ काही दिवसांनी लांबतो आणि वासरू अपेक्षेपेक्षा जड निघते. देशी गाय आणि परदेशी वळू असेल तर उलट घडते. अर्धी देशी असलेल्या संकरित गायीत हा परिणाम सौम्य होतो आणि पूर्ण वाढलेल्या गायीला तो जाणवतही नाही. पण जिच्यात परदेशी रक्त पाऊण किंवा जास्त आहे अशा पहिलारूला गीर भरवून निश्चिंत झोपू नये, एवढे तरी यातून निघते.

खानदेशाकडे स्वतःची सोपी व्यायणारी गुरे होतीच. सातपुड्याच्या पायथ्याला खिल्लारचा तापी खिल्लार किंवा थिल्लारी हा प्रकार, आणि सीमेपलीकडच्या खरगोन-बडवानीतून रावेर, यावल, चोपडा, शिरपूरकडे आलेली निमारी: तांबड्या अंगावर पांढरे मोठे डाग, गीर आणि खिल्लार यांच्या संकरातून घडलेली मानतात. ही जनावरे रानात चरताना व्यायची आणि संध्याकाळी वासरू मागे घेऊन घरी यायची. आडदांड, काटक, पण दूध वासरापुरते आणि घरापुरते. शेतीच्या बैलासाठी निमारी-खिल्लार पाळणाऱ्याने परदेशी कांडीच्या वाटेला जाऊच नये. त्याचा प्रश्न मुळातच सुटलेला आहे आणि तो उगाच निर्माण करून घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न आहे डेअरीला दूध घालणाऱ्याचा. त्याच्यासाठी माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या वेतासाठी जर्सी. 'आमच्याकडे जर्सीच आहे' असे ऐकून मात्र पुढे जाऊ नका. गावात काळ्या-पांढऱ्या एचएफ संकरित गायीलाही सर्रास जर्सी म्हणतात. कॅनमधून कांडी काढण्यापूर्वी तिच्यावरचा छाप वाचून घ्यावा. त्यावर जात, वळूचा क्रमांक, रेत केंद्राचे नाव आणि तारीख छापलेली असते.

जर्सीच्या विरुद्ध बोलले जाते ते ठाऊक आहे. कालवड दिसायला लहान, बाजारात भाव एचएफपेक्षा कमी. गोऱ्हा कोळप्याला उपयोगाचा नाही. आणि दुधाचे आकडे एचएफच्या जवळ पोहोचत नाहीत. तिन्ही आक्षेप खरे आहेत. पण आपल्याकडे दूध नुसत्या लिटरवर विकले जात नाही. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून दर ठरतो, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर गेला की एचएफच्या दुधाची फॅट आणि एसएनएफ दोन्ही घसरतात, कपात सुरू होते. जर्सीची फॅट साडेचार-पाचच्या घरात, चारा कमी लागतो, आणि उन्हात ती एचएफपेक्षा बरी तगते. जिथे विहिरीला पाणी आहे, बारमाही हिरवा चारा आहे, गोठ्याला उंच छप्पर आणि फॉगर आहेत, तिथे एचएफ शोभते. साक्री-शिंदखेड्याच्या कोरडवाहू गावात दादरचा कडबा आणि सरकीची ढेप एवढ्यावर चालणाऱ्या गोठ्यात तिचा हट्ट मला कळत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' ही संकरित गाय घडवली तेव्हा एचएफ ५० टक्के, जर्सी २५ आणि गीर २५ असे गणित मांडले होते. दूध, फॅट आणि काटकपणा या तिन्हींची सांगड घालायची तर एकाच जातीच्या मागे धावून चालत नाही, हे त्या प्रमाणातच दिसते.

पहिल्या वेतानंतर वाट मोकळी झाली, अंग भरले, की दुसऱ्या-तिसऱ्या वेताला त्याच गायीला चांगल्या एचएफची कांडी भरायला हरकत नाही. बरेच शेतकरी याच्या नेमके उलट करतात. पहिलीला उत्साहाने सर्वांत भारी वळू, आणि ती अडून खराब झाली की मग जो मिळेल तो.

जात ठरली म्हणजे निम्मेच काम झाले. एकाच जातीतल्या दोन वळूंमध्येही मोठी तफावत असते. परदेशी वळूंच्या माहितीपत्रकात याचा स्वतंत्र आकडा छापतात: त्या वळूची वासरे पोटात असताना शंभरातल्या किती पहिलारू अडल्या. शेजारी दुसरा आकडा असतो, त्या वळूच्या मुली पुढे स्वतः किती सहज व्यायल्या. हे दोन आकडे निराळे आहेत आणि कधीकधी एकमेकांच्या विरुद्ध जातात. अगदी बारीक वासरे देणाऱ्या वळूच्या मुलीही पुढे बारीक, अरुंद राहू शकतात. पिढ्यान्‌पिढ्या फक्त लहान वासराचा ध्यास घेतला तर नाती अडायला लागतात. म्हणून सोपा वळू पहिलारूपुरता, आणि गोठ्यात पुढे ठेवायच्या कालवडी शक्यतो मोठ्या, धडधाकट गायींच्या पोटच्या, हा मार्ग मला सुरक्षित वाटतो.

आपल्याकडे अडचण अशी की कांडीसोबत हे आकडे गोठ्यापर्यंत क्वचित पोहोचतात. आणि स्वतःच्या अनुभवावरून वळू पारखणे लहान गोठ्याला शक्यच नाही. समजा, एका वळूची शंभरात पाच वासरे अडतात आणि दुसऱ्याची पंधरा. फरक तिपटीचा. पण वर्षाला दोन वासरे होणाऱ्या घरात दोन्ही वळू चांगलेच दिसणार. आणि नेमके दुर्दैव ओढवले तर पाचवालाही बदनाम होणार. "त्या क्रमांकाची कांडी नको, आमची गाय गेली" हे गावात पसरते ते एका घटनेवरून. यावर उपाय गावपातळीवरचा आहे. दूध संस्थेच्या वहीत रोज दोन वेळा लिटर आणि फॅट लिहिली जाते. त्याच संस्थेने दर व्यायल्या गायीमागे चार गोष्टी लिहाव्यात: वळूचा क्रमांक, गायीचे वेत, कालवड की गोऱ्हा, आणि बाळंतपण सहज झाले, हाताने ओढावे लागले की डॉक्टर लागला. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आता आहेच. दोनशे गायींच्या गावात दोन वर्षांत कोणता वळू पहिलारूला नको हे कागदावर दिसायला लागेल. याला संगणक लागत नाही, लागते ती सचिवाची इच्छा.

वासरू मादी असावे हाही अडण्यावरचा एक उपाय आहे. गोऱ्हा कालवडीपेक्षा एक ते तीन किलोंनी जड असतो आणि दिवस-दोन दिवस जास्त पोटात राहतो. अडलेल्या वासरांत गोऱ्हे जास्त सापडतात. लिंगवर्गीकृत रेताच्या कांडीने कालवड होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून तिला अनुदान आहे, आणि स्वदेशी तंत्राने अशी कांडी बनवण्याची सुरुवात ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या वाशीममधूनच पंतप्रधानांच्या हस्ते झाली. या कांडीत शुक्राणू कमी असतात, त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाण साध्या कांडीपेक्षा थोडे कमी पडते. ती निरोगी कालवडीत सर्वांत चांगली चालते, म्हणजे नेमकी जिथे आपल्याला हलके वासरू हवे आहे तिथेच. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे; जर्सी-एचएफच्या गोऱ्ह्याला शेतीत काम नाही आणि बाजारात गिऱ्हाईक नाही. पहिलारूला जर्सीची, तीही वर्गीकृत कांडी भरली तर गोऱ्ह्याबद्दलचा वरचा आक्षेपही बराचसा निकालात निघतो. शेजाऱ्याने जर्सी म्हणून नाक मुरडले तर मुरडू द्यावे.

गावचा वळू हा पर्याय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. देवाला सोडलेला असो की कुणाच्या गोठ्यातला, त्याचा मोठा फायदा म्हणजे तो माज ओळखायला चुकत नाही. तोटेही तितकेच मोठे. तीन वर्षांत त्याच्याच मुली माजावर येतात आणि बाप-लेकीचा संकर सुरू होतो, प्रजननाचे रोग एका गायीकडून दुसरीकडे जातात, आणि दोन-चार गायींसाठी वळू सांभाळणे तर कुणालाच परवडत नाही. एक वळू वर्षाला पन्नास-साठ गायींना पुरतो. सर्वांत वाईट अपघात रब्बीची पिके निघाल्यावर होतो. शिवार मोकळे, जनावरे मोकळी, आणि दहा-अकरा महिन्यांची वासरी मोकाट वळूला फळते. कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येते तेव्हा कास उतरायला लागलेली असते आणि अंगावर अजून वासराची कळा असते. असा संशय आला तर लाजेने गप्प न बसता पहिल्या काही आठवड्यांतच पशुवैद्यकाला दाखवावे. तेव्हा उपाय सोपा असतो, सातव्या महिन्यात नसतो.

यावरून आणखी एक मुद्दा निघतो, आणि खरे तर वळूच्या जातीपेक्षाही तो मोठा आहे. कालवड किती महिन्यांची झाली यापेक्षा किती किलोंची झाली हे पाहून भरवायचे. संकरित कालवड २५० किलोंच्या पुढे गेल्याशिवाय तिला कांडी नको, मग ती दोनदा माजावर येऊन गेली तरी चालेल. जन्माला २५ किलोचे वासरू रोज ४५० ग्रॅम वाढले तर ५०० दिवसांत २५० किलो होते, म्हणजे साडेसोळा महिने. आपल्याकडे दूध पिणे सुटले की कालवडीला गोठ्यात शेवटची जागा आणि उरलेला चारा मिळतो, म्हणून ही वाढ अडीच-तीन वर्षांवर जाते. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोंत. घेर ६० आणि लांबी ४६ आली तर २५१ किलो. टेप लावल्यावर अनेकांच्या 'तयार' कालवडी १८०-१९० वर अडकलेल्या निघतात.

गाभण कालवडीबाबत एक जुनी समजूत आहे: शेवटच्या दोन-तीन महिन्यांत खुराक तोडला की वासरू लहान राहते. वासराची जास्तीत जास्त वाढ याच काळात होते हे खरे, म्हणून युक्ती बिनतोड वाटते. प्रत्यक्षात उपाशी गाय आधी स्वतःचे अंग झिजवून वासराला पोसते. वासरू थोडेसेच हलके होते, पण कळा देण्याचे त्राण आईत राहत नाही, चीक पातळ येतो आणि पुढचा माज लांबतो. उलट टोकही वाईट. केवळ ढेप आणि भरडा खाऊन चरबी चढलेल्या कालवडीत वाटेभोवतीच चरबी साचते. पोटभर चारा, बेताचा खुराक, खनिज मिश्रण आणि रोजची थोडी चाल, यापलीकडे काही जादू नाही.

म्हशीसाठी हे सगळे गणित तसेच लावता येत नाही. जाफराबादी, मेहसाणी किंवा मुऱ्हा, कुठलीही असो, म्हैस अडण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण गर्भाशयाला पडणारा पीळ हे आहे, आणि रेडा बदलून तो टळत नाही. कळा सुरू झाल्या, म्हैस अस्वस्थ आहे, पण पाणमोट दिसत नाही, अशी अवस्था दिसली की पीळ असल्याचे धरून चालावे. म्हशीला आडवी पाडून, पोटावर फळी ठेवून पिळाच्या दिशेने लोळवत पशुवैद्यक तो सोडवतात. पहिल्या काही तासांत बोलावले तर बहुधा जमते.

राहिली व्यायची रात्र. गाय साधारण नऊ महिने नऊ दिवसांनी व्यायते, म्हैस दहा महिने दहा दिवसांनी. पाणमोट फुटल्यावर गायीला तास-दीड तास, पहिलारूला दोन तास द्यावेत. पुढचे दोन खूर, तळवे जमिनीकडे, आणि त्यांच्यावर टेकलेले नाक दिसले तर सगळे ठीक. एकच खूर, नुसते डोके, किंवा तळवे आभाळाकडे वळलेले मागचे पाय दिसले तर हात न लावता फोन करावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. मदत करायचीच तर स्वच्छ हात, भरपूर वंगण, दोन माणसे, आणि गाय कळ देईल तेव्हाच ओढणे. कळ थांबली की हातही थांबला पाहिजे. डोके व खांदे बाहेर आले की दिशा खाली, गायीच्या टाचांकडे. चार जण दोर लावून ओढतात तिथे वासरू निघते, पण गाय राहत नाही. ट्रॅक्टरची गोष्ट तर ऐकूही नये.

वासराच्या नाकातोंडातला चिकटा पुसून बेंबीला आयोडीन लावावे आणि पहिल्या तासा-दोन तासांतच चीक पाजावा, वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. २५ किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच लिटर. वार पडेपर्यंत चीक काढायचा नाही ही प्रथा वासराच्या जिवावर उठते. वार बारा तासांत पडावी. नाही पडली तर तिला दगड किंवा जुनी चप्पल बांधून वजन लटकवणे बंद करा. त्याने वार तुटते, उरलेली आत कुजते. दुसऱ्या दिवशी सकाळी वासराचा छातीचा घेर मोजून तो आकडा, कालवड की गोऱ्हा ते, आणि कांडीवरचा वळूचा क्रमांक रेतनाच्या पावतीमागे लिहून ठेवावा. रेतन करणारा पुन्हा दारात येईल तेव्हा त्याच्या कॅनमध्ये तोच क्रमांक असण्याची शक्यता बरीच असते.